गर्भवतीचा नकार

गर्भवतीचे डोहाळे पुरवावेत, तिला काय खावेसे वाटते, कुठे जावेसे वाटते हे घरातील वडीलधाऱ्यांनी आपण होऊन विचारावे, ही आपल्या समाजातील फार जुनी रीत आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात चौथ्या महिन्यापासून गर्भवतीला 'दौहृदिनी' म्हणजे दोन हृदये धारण करणारी असे म्हटले असून, तिच्या इच्छेची अवहेलना झाल्यास संततीत व्यंग उतरते असा इशाराही तेथे दिलेला आहे. 'रघुवंशा'च्या तिसऱ्या सर्गात सुदक्षिणा लाजेने मनातले बोलत नाही, म्हणून दिलीपासारखा राजा तिच्या सख्यांना पुनःपुन्हा विचारीत राहतो. व्यंगाचा तो कार्यकारणभाव आजच्या शरीरशास्त्राला मान्य होण्यासारखा नाही. तो बाजूला ठेवू. परंतु गर्भवतीला विचारले पाहिजे, हा त्यामागचा विचार टाकाऊ नव्हे. आश्चर्य असे की, सातव्या महिन्यात फुलांची वाडी भरून जिचे डोहाळजेवण थाटाने केले, तीच स्त्री नवव्या महिन्यात इस्पितळाच्या प्रसूतिकक्षात पाऊल टाकते आणि त्या क्षणापासून तिला काही विचारण्याची गरज कोणालाच भासेनाशी होते.

प्रसूतीची अंदाजी तारीख उलटून दोन-तीन दिवस झालेले असतात. कळा नसतात. डॉक्टर फेरीवर येतात, कागद चाळतात आणि "उद्या सकाळी कळांचे औषध सुरू करू" असे सांगून पुढच्या खाटेकडे वळतात. पुष्कळदा हे सांगणे तिला उद्देशून नसतेच; ते परिचारिकेला, नाही तर बाहेरच्या बाकावर बसलेल्या नवऱ्याला असते. तिने "का?" म्हणून विचारले तर उत्तर मिळते खरे, पण ते एका वाक्याचे, आणि त्या वाक्यात 'बाळाला धोका' हे शब्द आले की पुढे बोलण्याची सोय राहत नाही. यात कोणाचा दुष्टपणा असतो असे आम्ही म्हणत नाही. घाई असते, खाटांची टंचाई असते आणि सर्वांत अधिक म्हणजे सवय असते. तथापि तिने "मला अजून दोन दिवस थांबायचे आहे" असे म्हटले, तर तिचा तो शब्द शब्द म्हणून ऐकायचा की हट्ट समजून मोडून काढायचा, हा प्रश्न सवयीवर सोडून देण्याइतका क्षुल्लक नाही.

कृत्रिम रीतीने कळा आणणे म्हणजे काय, हे आधी नीट समजून घ्यावे लागेल, कारण जिच्यावर हा उपाय होतो तिलाही तो क्वचितच समजावला जातो. गर्भाशयाचे मुख पक्व झालेले नसेल तर ते मऊ होण्यासाठी प्रोस्टाग्लँडिनचे जेल आत ठेवतात, मिसोप्रोस्टॉलची गोळी देतात, अथवा फोलीची नळी आत सरकवून तिचा फुगा पाण्याने फुगवितात. नंतर गरज वाटल्यास गर्भजलाची पिशवी फोडतात आणि सलाईनमधून ऑक्सिटोसिन थेंबाथेंबाने सोडतात. हे ऑक्सिटोसिन मुळात शरीरातच तयार होणारे द्रव्य आहे. व्हिन्सेंट द्यू विग्नो या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने ते १९५३ साली प्रयोगशाळेत घडविले आणि १९५५ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबविण्याच्या कामी या औषधाने असंख्य मातांचे प्राण राखले आहेत. दुभत्या जनावरांना ते सर्रास टोचले जाते म्हणून केंद्र सरकारने २०१८ साली खासगी कंपन्यांना त्याचे उत्पादन करण्यास मनाई केली, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनांनीच ओरड केली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई रद्द ठरविली. औषध अमोल आहे, यात वाद नाही. परंतु त्याची मात्रा चुकली की कळा एकीवर एक आदळू लागतात, दोन कळांमधली उसंत नाहीशी होते आणि त्या उसंतीतच बाळाला मिळणारा प्राणवायू तुटतो. म्हणूनच अशा औषधांवर असलेल्या स्त्रीला क्षणभरही एकटी सोडू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली आपल्या मार्गदर्शक सूचनांत बजावून ठेवले आहे. एका परिचारिकेने किती खाटा सांभाळायच्या याचे गणित ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या सूचनेचे वजन कळेल.

पुढचा मुद्दा तारखेचा. 'नऊ महिने नऊ दिवस' हा आपला लोकांचा हिशेब. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावाने रूढ झालेला नियम शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ महिने सात दिवस मोजतो. म्हणजे जर्मन प्राध्यापक आणि आमच्या आज्या यांच्यात मतभेद अवघ्या दोन दिवसांचा! परंतु दोघांच्याही हिशेबात तारीख हा अंदाज आहे, मुदत नव्हे. नेमक्या त्याच दिवशी जन्मणारी बाळे शंभरांत चार-पाचच. शिवाय पाळीची तारीख कित्येकींना 'चवथीच्या आदल्या आठवड्यात' एवढीच आठवते. पाळी अनियमित असेल तर तीही निरुपयोगी ठरते. पहिल्या तीन महिन्यांत केलेल्या सोनोग्राफीवरून वय बऱ्याच अचूकपणे ठरते, पण नवव्या महिन्यातील सोनोग्राफीचा अंदाज दोन-तीन आठवड्यांनीही इकडेतिकडे होऊ शकतो. तेव्हा "तुझे दिवस उलटले" असे जिला सांगितले जाते तिने "कुठल्या मोजणीने?" असे विचारणे, यात उद्धटपणा नाही. तो प्रश्न कोणत्याही डॉक्टराने स्वतःला आधी विचारायचा असतो.

इथे एका गोष्टीचा खुलासा करणे आम्हाला अगत्याचे वाटते. निसर्गावर सोपवा, सारे ठीक होईल, अशी भाबडी शिकवण देणारांत आम्ही नाही. स्वीडनमध्ये सुमारे २,७६० स्त्रियांचा एक अभ्यास झाला. एका गटाला ४१ आठवडे पूर्ण होताच कळा आणण्यात आल्या, दुसऱ्या गटाला ४२ आठवड्यांपर्यंत थांबविण्यात आले. थांबलेल्या गटातील सहा बालके दगावली, पहिल्या गटातील एकही नाही. तो अभ्यास मुदतीपूर्वीच बंद करावा लागला आणि २०१९ साली प्रसिद्ध झाला. रक्तदाब चढलेला असेल, पाणमोट फुटून बराच वेळ झाला असेल, बाळाची वाढ खुंटलेली असेल, तर थांबण्याची किंमत जबर असू शकते. एकेचाळीस आठवडे पूर्ण झाल्यावर जागतिक आरोग्य संघटनाही कळा आणण्याची शिफारस करते. परंतु त्याच संघटनेने हेही सांगितले आहे की, दुसरी कोणतीही अडचण नसेल तर त्याआधी हा उपाय करू नये. केवळ बाळ मोठे असावे अशा संशयावरून करू नये. आणि उपाय करताना त्या स्त्रीची प्रत्यक्ष स्थिती व तिची इच्छा या दोहोंचा विचार व्हावा. बाळ 'मोठे' असल्याची भीती घालून किती स्त्रियांना औषध सुरू केले जाते, हे ज्याने त्याने आपापल्या नात्यागोत्यात विचारून पाहावे.

अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने या चित्राला आणखी एक बाजू दिली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पहिलटकरणींना ३९ व्या आठवड्यात कळा आणल्यास काय होते हे पाहिले गेले. सिझेरियनचे प्रमाण वाढेल अशी सर्वसाधारण समजूत होती. ते उलट २२.२ टक्क्यांवरून १८.६ टक्क्यांवर आले. आमच्याकडील काही डॉक्टर आता या अभ्यासाचा हवाला देऊन ३९ आठवड्यांनाच औषध सुरू करतात. त्यांनी त्याच अभ्यासातील एका आकड्याकडे अवश्य पाहावे. त्यासाठी पात्र ठरलेल्या स्त्रिया होत्या २२,५३३. सहभागी होण्यास होकार दिला ६,१०६ जणींनी. म्हणजे चारांतील जवळजवळ तिघींनी 'नको' म्हटले, त्यांच्या नकाराची नोंद झाली आणि त्यांची प्रसूती पुढे त्यांच्या पद्धतीने झाली. त्यांना कोणी हट्टी ठरविले नाही. शिवाय तेथे प्रत्येक खाटेशी जी देखरेख होती ती आमच्याकडच्या गर्दीच्या कक्षात गृहीत धरता येत नाही, हे वेगळेच.

नकाराचा हा हक्क अगदी टोकाला गेला तर काय होते, याचा निवाडा इंग्लंडच्या न्यायालयाने केलेला आहे, आणि तो प्रसंग नेमका कळा आणण्यास दिलेल्या नकाराचाच होता. १९९६ च्या एप्रिलमध्ये लंडनमध्ये ३६ आठवड्यांची एक गर्भवती डॉक्टरांकडे नाव नोंदवायला गेली. न्यायालयाच्या कागदांत तिचे नाव 'एस' एवढेच आहे. तिचा रक्तदाब धोकादायक चढलेला होता, गर्भारपणातील प्री-एक्लॅम्प्सिया या विकाराची लक्षणे स्पष्ट होती. तात्काळ दाखल होऊन कळा आणवून घ्याव्यात, अन्यथा तुझ्या आणि बाळाच्याही जिवाला धोका आहे, असे तिला सांगण्यात आले. तिने ते ऐकले, समजून घेतले आणि नकार दिला; बाळंतपण नैसर्गिक रीतीनेच व्हावे असे तिचे म्हणणे होते, आणि ते तिने लेखी दिले. त्यावर काय झाले? मानसिक आरोग्याच्या कायद्याखाली तिला ताब्यात घेण्यात आले, एका इस्पितळातून दुसऱ्यात हलविण्यात आले, तिची बाजू न ऐकताच न्यायाधीशांकडून परवानगी मिळविण्यात आली आणि सिझेरियन करून मुलगी जन्माला घातली गेली. त्या सबंध काळात तिच्यावर मनोविकाराचा म्हणून कोणताही उपचार झाला नाही, कारण तसा उपचार करण्याजोगे काही नव्हतेच. मे १९९८ मध्ये अपील न्यायालयाने हे सारे बेकायदा ठरविले. एखादीचे विचार जगाला चमत्कारिक वाटतात एवढ्यावरून तिला मनोरुग्ण ठरविता येत नाही, आणि पोटात बाळ आहे म्हणून तिच्या देहावरचा तिचा अधिकार उणा होत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

या निकालात आम्हाला विशेष वाटते ते वेगळेच. न्यायालयाने ३६ आठवड्यांचा गर्भ म्हणजे काहीच नव्हे, असा सोपा मार्ग घेतला नाही. तो गर्भ काही तरी आहे, मोलाचा आहे, हे मान्य करूनच न्यायाधीश पुढे गेले. ती मुलगी जगली, आई जगली, म्हणजे डॉक्टरांचे वैद्यकीय निदान बरोबर होते असेही कोणी म्हणेल. निदान बरोबर असेलही; बळजबरी करण्याचा परवाना त्यातून मिळत नाही. एस हिचा निर्णय शहाणपणाचा होता असे आमचे मत नाही. आमच्या घरातल्या मुलीने अशा रक्तदाबावर असा निर्णय घेतला असता तर आम्ही तिची मनधरणी करण्यात रात्र घालविली असती. पण मनधरणी निराळी आणि पोलीस बोलावणे निराळे.

दुसरे उदाहरण आमच्या शेजारच्या बेळगावच्या लेकीचे आहे, आणि ते वर सांगितलेल्या प्रसंगाच्या अगदी उलट टोकाचे आहे. दंतवैद्य असलेल्या सविता हलप्पनवार ऑक्टोबर २०१२ मध्ये आयर्लंडमधील गॉलवे येथील इस्पितळात सतरा आठवड्यांच्या गर्भपाताच्या वेदना घेऊन दाखल झाल्या. गर्भ वाचणार नाही हे दिसत होते. त्यांनी आपली सुटका करण्याची विनंती केली; गर्भाचे ठोके चालू आहेत तोवर त्या देशाच्या कायद्याने ते करता येत नाही, असे उत्तर मिळाले. जंतुदोष रक्तात पसरून २८ ऑक्टोबरला एकतीस वर्षांच्या सविता गेल्या. मे २०१८ मध्ये आयरिश जनतेने सार्वमताने ते कलम घटनेतून काढून टाकले. लंडनच्या बाईला नको असलेले केले गेले, बेळगावच्या बाईला हवे असलेले नाकारले गेले. दोन्ही ठिकाणी खाटेवरच्या व्यक्तीचा शब्द हिशेबात धरला गेला नव्हता.

आमच्या देशात कायदा काय म्हणतो? सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात जानेवारी २००८ मध्ये दिलेला निकाल या बाबतीत पायाभूत आहे. चव्वेचाळीस वर्षांची ही अविवाहित स्त्री १९९५ साली दिल्लीतील एका डॉक्टरांकडे तपासणीसाठी गेली. दुर्बिणीच्या तपासणीसाठी तिला भूल दिलेली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेण्यात आली आणि गर्भाशय व बीजकोश काढून टाकण्यात आले. न्यायालयाने सांगितले की, सज्ञान व सुबुद्ध रुग्णाच्या वतीने आईने दिलेली संमती ही संमतीच नव्हे, आणि तपासणीची परवानगी म्हणजे शस्त्रक्रियेची परवानगी नव्हे. उपचाराचे स्वरूप, हेतू, लाभ, दुसरे पर्याय, मोठे धोके, आणि उपचार न घेतल्यास काय होईल, हे सारे सांगितल्यावर दिलेली संमती तीच खरी. यातील शेवटचा भाग पुन्हा वाचण्याजोगा आहे. 'न घेतल्यास काय होईल' हे सांगायचे याचा अर्थच असा की, न घेण्याचा पर्याय रुग्णाला आहे. पुढे २००९ साली सुचिता श्रीवास्तव प्रकरणात प्रजननविषयक निर्णय हा घटनेच्या २१ व्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचे न्यायालयाने मान्य केले, आणि २०१८ साली 'कॉमन कॉज' प्रकरणात सज्ञान व्यक्तीचा उपचार नाकारण्याचा अधिकारही मान्य केला. त्याच वर्षी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने रुग्णांच्या १७ हक्कांची सनद तयार केली. माहिती, कागदपत्रांच्या प्रती, दुसऱ्या डॉक्टरचे मत, समजेल अशा भाषेत समजावून घेतलेली संमती, हे सारे तिच्यात आहे.

मग अडते कुठे? अडते ते सहीच्या कागदावर. २००२ साली अधिसूचित झालेल्या वैद्यकीय आचारसंहितेतील संमतीविषयक कलम पाहिले तर शस्त्रक्रियेपूर्वी पती वा पत्नी, अज्ञानाचे पालक 'अथवा स्वतः रुग्ण' यांची लेखी संमती घ्यावी, असा त्याचा क्रम आहे. रुग्णाचा क्रमांक शेवटचा! सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर या क्रमाला अर्थ उरलेला नाही, पण हाताला लागलेली सवय निकालाने सुटत नाही. आजही बाळंतिणीच्या कागदावर नवऱ्याची, सासऱ्याची, एखादे वेळी सोबत आलेल्या दिराचीही सही घेतली जाते आणि जिच्या अंगाला सुई टोचायची ती आत कळा सोसत असते. सही असते ती बहुधा इंग्रजीत छापलेल्या कागदावर. तिच्या शेजारी "वाचून पाहिले, समजले" असेही छापलेले असते.

सारा दोष इस्पितळाच्या माथी मारून आम्हाला मोकळे होता येणार नाही. अवस येण्याआधी, पितृपक्ष लागण्याआधी, अमुक नक्षत्रावर बाळ यावे म्हणून डॉक्टरांच्या मागे लागणारी सुशिक्षित कुटुंबे आमच्याच वाचकांत आहेत. पंचांग उघडून मुहूर्त काढायचा आणि त्या मुहूर्तासाठी औषध घालायला लावायचे, यात धर्म नाही आणि शास्त्रही नाही. ज्योतिषशास्त्र मानणाऱ्यांनी तरी निदान एवढे ओळखावे की घडवून आणलेल्या वेळेची कुंडली मांडणे म्हणजे स्वतःच लिहिलेले पत्र टपालाने स्वतःला पाठविणे होय. अशा वेळी डॉक्टर नको म्हणतात आणि कुटुंब आग्रह धरते. तिला मात्र तेव्हाही कोणी विचारीत नाही. तेव्हा हा हक्क तिला जसा डॉक्टरांसमोर हवा, तसा सासूसमोर आणि माहेरच्या माणसांसमोरही हवा. "सगळ्यांनी मिळून ठरवले" या वाक्यात ती धरलेली नसते, हे आपल्या घरांतील उघड गुपित आहे.

नकार म्हणजे उपचाराला पाठ फिरविणे नव्हे, हे येथे मुद्दाम सांगावयास हवे. थांबायचे तर देखरेखीखाली थांबायचे. बाळाच्या हृदयाचे ठोके आलेख काढून पाहायचे, गर्भजल किती आहे ते मोजायचे, हे दर दोन-तीन दिवसांनी. आणि बाळाची हालचाल मंदावली, पाणी गेले, रक्त दिसले, डोके भणभणून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रात्री-अपरात्री धाव घ्यायची. पणजीत राहणाऱ्या स्त्रीला हे सोपे आहे. सत्तरीच्या टोकाला, काणकोणच्या डोंगराआड, किंवा सीमेपलीकडील दोडामार्गाहून बांबोळीच्या गोमेकॉत येणाऱ्या गर्भवतीला "परवा पुन्हा या" म्हणजे एक दिवसाची मजुरी, दोन बसगाड्या आणि पोटावरून जाणारा रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा. कागदावरचा हक्क तिच्या गावाहून निघणाऱ्या बसच्या वेळापत्रकावर अवलंबून राहतो. कित्येकदा डॉक्टर लांबच्या स्त्रीला लवकर औषध सुरू करतात ते याच काळजीने, आणि ती काळजी खोटी नसते. पण मग तिला तसे स्पष्ट सांगावे: बाई, तुझ्या पोटात काही बिघडलेले नाही, तुझे गाव लांब आहे म्हणून आम्ही हे सुचवितो. असे सांगितल्यावर कदाचित ती म्हणेल की, पर्वरीला माझी बहीण आहे, मी चार दिवस तिच्याकडे राहते. विचारल्यावाचून हे कळणार कसे?

डॉक्टरांची बाजू आम्ही विसरलो नाही. बाळ दगावले की तेच नातेवाईक काठ्या घेऊन येतात, कधी वकील घेऊन येतात. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षणाच्या कायद्याखाली आणल्यापासून डॉक्टरांच्या मनात एक धास्ती बसली आहे. थांबलो आणि बिघडले तर दोष आपला, शस्त्र चालविले आणि बिघडले तर निदान प्रयत्न केला असे म्हणता येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार गोव्यात २०१५-१६ साली ३१.४ टक्के असलेले सिझेरियनचे प्रमाण २०१९-२१ च्या फेरीत ३९.५ टक्क्यांवर गेले. सबंध देशाचे होते २१.५ टक्के. या वाढीची कारणे अनेक आहेत आणि त्यांत मातांचे वाढलेले वयही आहे. पण ही धास्तीही त्यांतलेच एक कारण आहे असे आमचे मत आहे. त्यावर उतारा स्त्रीला गप्प बसविण्यात नाही. तिला सांगितलेले, तिने विचारलेले आणि तिने नाकारलेले असे तिन्ही कागदावर वेळेसह उतरले तर तो कागद डॉक्टरलाच अधिक उपयोगी पडेल. 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध जात आहे' एवढा एक शिक्का मारून तिला दाराबाहेर काढणे ही तशी नोंद नव्हे. आणि काल नको म्हणून गेलेली स्त्री आज कळा देत परत आली तर तिला "आता कशाला आलीस?" म्हणून कोणी अडवू शकत नाही, जीव धोक्यात असलेल्या रुग्णावर तात्काळ उपचार करणे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ सालीच सांगून ठेवले आहे.

प्रसूतिकक्षात जाण्याआधी, आठव्या महिन्याच्या तपासणीतच, काही प्रश्न विचारून ठेवण्याची सवय आमच्या लेकीसुनांनी लावून घ्यावी. कळा आणाव्या लागल्या तर कोणत्या कारणाने? तारीख कोणत्या सोनोग्राफीवरून धरली आहे? गर्भाशयाचे मुख किती पक्व आहे? १९६४ साली एडवर्ड बिशप यांनी यासाठी गुण देण्याची पद्धत घालून दिली. मुख कच्चे असताना औषध सुरू केले तर ते दोन-दोन दिवस चालते आणि पुष्कळदा फसते, हे प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असते. फसले तर पुढे काय? फसणे म्हणजे लगेच सिझेरियन असे जागतिक आरोग्य संघटना मानीत नाही. आधीचे बाळंतपण शस्त्रक्रियेने झाले असेल तर हा प्रश्न फारच महत्त्वाचा, कारण जुन्या टाक्यावर कळांचा ताण येऊन गर्भाशय फाटण्याचा धोका असतो आणि मिसोप्रोस्टॉलची गोळी अशा स्त्रीला देऊ नये असे शास्त्र सांगते. आत सोबत कोण राहील? प्रसूतीच्या वेळी एका स्त्री-सोबतिणीला आत राहू द्यावे, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ सालीच कळविलेले आहे, आणि डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'लक्ष्य' योजनेत सन्मानपूर्वक प्रसूतिसेवेचा स्पष्ट उल्लेख आहे. आमच्या आजीच्या काळी वयजीण घरी येई, तेव्हा हे प्रश्न कोणी विचारीत नसे हे खरे. पण तेव्हा किती बाळंतिणी जात, हेही त्या पिढीला ठाऊक होते. तो काळ परत यावा असे आम्हाला मुळीच वाटत नाही.

सरकारी इस्पितळांपुरता विचार केला तर आरोग्य खात्याला यासाठी नवा कायदा करावयास नको, की नवे अंदाजपत्रक मांडावयास नको. संमतीचा कागद मराठी आणि कोंकणीत करावा. त्यावर पहिली सही गर्भवतीची असावी, इतर कोणाची घेतलीच तर ती साक्षीदार म्हणून. होकाराच्या चौकटीशेजारी नकाराचीही चौकट असावी, आणि तिच्याखाली पुढच्या तपासणीचा दिवस व वेळ लिहिण्यास जागा ठेवावी. पणजीच्या सरकारी मुद्रणालयाला एवढे छापावयास आठवडाही लागणार नाही.